नाही की सापडत नाही?

गेल्या वर्षी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. आमच्या प्रोग्रामला लागणारे पायथनचे एक मॉड्यूल सापडत नाही, असे यंत्र सांगत होते. आठच दिवसांपूर्वी मी ते स्वतः बसवले होते! त्या दुपारी माझ्या जोडीदाराने यंत्रावर काहीतरी नवे चढवले होते, एवढे मला ठाऊक होते.

‘‘तूच पुसलंस! कशाला हात लावायला गेलास रे?’’ मी ओरडलो.

‘‘ना मुट्टिल्लो,’’ एवढेच तो म्हणाला. मी हात लावला नाही. तीन वर्षे माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या मित्राच्या तोंडून त्या क्षणी कन्नड आले. तो उठून निघून गेला.

प्रयोगशाळेतल्या सरांनी शांतपणे विचारले, ‘‘कोणत्या पायथनला सापडत नाही?’’ मला प्रश्नच कळेना. पायथन एकच ना! सरांनी ‘टाइप’ ही आज्ञा ‘वजा ए’ जोडून पायथनच्या नावासह दिली. उत्तरादाखल दोन ओळी आल्या. एक पायथन ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये, दुसरा ‘/यूएसआर/बिन’मध्ये. पहिला मित्राने त्या दुपारी बसवलेला, दुसरा जुना. मॉड्यूल जुन्यापाशी सुखरूप होते, कारण प्रत्येक पायथन आपापली मॉड्यूले वेगळी ठेवतो.

मग सरांनी उलगडून सांगितले. आपण आज्ञेचे नाव लिहिले की शेल सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याच्यापाशी ‘पाथ’ नावाची डिरेक्टरींची यादी असते. लिनक्सवर ती नावे अपूर्णविरामांनी वेगळी केलेली असतात. शेल त्या क्रमाने जातो, त्या नावाची चालवण्याजोगी पहिली फाइल मिळताच ती चालवतो आणि पुढे पाहतच नाही. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही रीत चालत आली आहे. यादीत नसलेल्या जागी फाइल असली तरी आज्ञा सापडत नाही, असेच उत्तर येते. आपण ज्या डिरेक्टरीत बसलो आहोत तीही सहसा यादीत नसते. म्हणून तिथली फाइल चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. ही सावधगिरीच आहे. नाहीतर एखाद्या खोडकराने रोजच्या ‘एलएस’ आज्ञेच्या नावाची फाइल तिथे ठेवली, तर आपण बेसावधपणे तीच चालवू.

एका गल्लीत एकाच नावाचे दोन गृहस्थ राहावेत आणि पोस्टमनने पत्र पहिल्याच घरात टाकावे, तशी आमची गत झाली होती. जुन्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिताच प्रोग्राम सुरळीत चालला.

मी मात्र खुर्चीतच बसून राहिलो. शेलला हसण्याचा मला काय अधिकार? संशय घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या मनातल्या यादीतही मित्राचे नाव पहिले होते. ते मिळताच मीही पुढे पाहिले नव्हते.

तो कॅन्टीनच्या पायरीवर बसला होता. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी म्हणालो, ‘‘तप्पायतु.’’ चुकलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारले, ‘‘एवढा लांबलचक पत्ता का लिहिता?’’ मी तोंड उघडण्याआधीच मित्राने उत्तर दिले. ‘‘सर, इथं एकाच नावाचे दोघे आहेत. चूक माझी, नवीन बसवल्याचं मी सांगितलं नव्हतं.’’