दहाचं कार्ड कोणत्या डब्यात?

मागच्या जुलैतली गोष्ट. पाऊस लांबला होता, धानाचे पऱ्हे वाळायला आले होते, आणि अशा दिवसात एक पालक अकराच्या सुमाराला शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, माह्या आज्याचा दाखला पायजे व्हता. पोरीची व्हॅलिडिटी काढाची आहे."

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शिक्षकांना हे वाक्य पाठ असेल. इतरांसाठी थोडं सांगते. अनुसूचित जमातीच्या दाव्यात 6 सप्टेंबर 1950 ही तारीख फार महत्त्वाची. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला कागद मिळाला तर समितीपुढे त्याचं वजन मोठं असतं. असा कागद मिळण्याच्या जागा दोन-तीनच: कोतवाल बुक, जुना सातबारा किंवा अधिकार अभिलेख, नाहीतर आमच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर. त्या मुलीचा प्रवेश एका ओळीवर अडला होता.

आमच्याकडे जुने तीन खंड आहेत. पुठ्ठ्यावर कुणीतरी लाल शाईने लिहिलंय: "1931 ते 1946", "1946 ते 1961", "1961 ते 1978". मी विचारलं, आजोबा कोणत्या साली शाळेत आले? त्यांना काय माहीत! त्यांनी घरी आत्याला फोन लावला. म्हातारी पलीकडून मोठ्याने बोलली, "गांधीबाबा गेले तवा थो शाळेत व्हता. शाळेले सुट्टी भेटली म्हून घरी आला व्हता."

माझ्यासाठी हे पुरेसं होतं. गांधीजींची हत्या 30 जानेवारी 1948 ची. शाळा तेव्हा चौथीपर्यंत. म्हणजे दाखला 1943 ते 1947 च्या मधला. तिसरा खंड उघडायचंच कारण नाही. पहिल्याची शेवटची पानं न् दुसऱ्याची सुरुवातीची, बस.

माझा भाचा नागपूरला कॉम्प्युटरच्या कामात आहे. नंतर त्याला हे सांगितलं तर हसून म्हणाला, "मावशी, हे तर रेंज पार्टिशन झालं." डेटाबेसमध्ये एखादं टेबल कोट्यवधी ओळींचं होतं, तेव्हा त्याचे तारखेप्रमाणे किंवा क्रमांकाप्रमाणे तुकडे पाडतात. वरून बघणाऱ्याला टेबल एकच दिसतं. पण प्रश्नात तारीख असली की मशीन तेवढाच तुकडा उघडतं, बाकीच्यांना हातही लावत नाही. नुसतं नाव विचारलं आणि तारीख नाही दिली, तर मात्र सगळे तुकडे चाळावे लागतात. आमच्याकडे लोक नेमकं नावच घेऊन येतात. म्हणून म्हातारीची आठवण इतकी मोलाची. तिने साल सांगितलं नाही, पण साल काढता येईल असं काहीतरी सांगितलं.

आता माझी चूक. पहिला खंड मी 1943 पासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला. नाव नाही. शेवटची नोंद जुलै 1946 ची होती. मनात धरलं, 1946 संपलं. दुसरा खंड घेतला आणि पहिलं पान उलटून थेट 1947 पासून वाचायला लागले. नाव नाही. दोन्ही परत तसेच वाचले आणि त्यांना सांगितलं, "भाऊ, नोंद दिसत नाही." ते काही बोलले नाहीत. चप्पल घालून निघून गेले. बारा किलोमीटर सायकलने आले होते.

रात्री झोप येईना. "1946 ते", "1946 पर्यंत". मग 1946 कुणाचं? सकाळी प्रार्थनेच्या आधी कपाट उघडलं. दुसऱ्या खंडाचं पहिलं पान, अनुक्रमांक 415, जुलै 1946. खंड महिन्याच्या मधेच बदलला होता. नाव, बापाचं नाव, जात, सगळं स्वच्छ अक्षरात. जिल्ह्याच्या रकान्यात "चांदा". गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायला (26 ऑगस्ट 1982) अजून छत्तीस वर्षं होती. फोन लावला तेव्हा माझाच आवाज कापत होता.

भाचा म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये असं होऊ देत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसात खालची हद्द धरतात, वरची धरत नाहीत. दोन तुकड्यांच्या हद्दी एकमेकींवर आल्या तर तो तुकडा बनवायलाच मशीन नकार देतं. आमच्या लाल शाईवाल्या गुरुजींना नकार देणारं कोणी नव्हतं.

हे चौथीच्या मुलांसमोर ठेवून बघावं असं वाटलं. चार डबे घेतले, चिठ्ठ्या मुद्दाम चुकीच्या लावल्या: 1 ते 10, 10 ते 20, 20 ते 30, 30 ते 40. मुलांना अंकांची कार्डं वाटली. दोन मिनिटांत एक मुलगी दहाचं कार्ड घेऊन मधे उभी. "मॅडम, हे कोठी टाकू?" एक जण म्हणाला, दोन कार्डं करा, दोन्हीत टाका. दुसरीने लगेच हटकलं, "मंग मोजताना एक जास्त होईल ना!" (ही मुलगी बाकी वेळ खिडकीबाहेर बघत असते.) मुलांनीच चिठ्ठ्या बदलल्या: 1 ते 10, 11 ते 20. मी गप्प बसून साडेदहाचं कार्ड दिलं. पुन्हा गोंधळ. दहाच्या पुढे, अकराच्या मागे, डबाच नाही. आम्हा मोठ्यांचा हा नेहमीचा उपाय, आणि तो पूर्णांकांपुरताच चालतो.

बराच कल्ला झाला. शेवटी मागच्या ओळीतून आवाज आला, "10 पासून, 20 च्या आत." मी फळ्यावर तसंच लिहिलं. दहा आत गेलं, साडेदहा आत गेलं, वीस पुढच्या डब्यात. "च्या आत" हा शब्द बाजारात रोजचा आहे, शंभरच्या आत दाखवा म्हणतो आपण. गणिताच्या तासाला तो माझ्या तोंडी कधी आला नव्हता. 45 चं कार्ड मात्र कुठेच बसेना. एकाने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं, "हे बाहेरचं, तुमच्याजवळ राहू द्या." भाच्याला सांगितलं तर म्हणाला, त्यांच्याकडेही कुठेच न बसणाऱ्या ओळींसाठी असा एक वेगळा तुकडा ठेवता येतो.

त्या शनिवारी तिन्ही खंडांच्या पुठ्ठ्यावर नवे कागद चिकटवले. सालं काढून टाकली, क्रमांक घातले, कारण क्रमांक एकदाच येतो. दुसऱ्या खंडावर आता लिहिलंय: "क्र. 413 पासून, 872 च्या आत." आडनावांची वेगळी वही सुरू केली आहे, कारण येणारा माणूस नावच घेऊन येणार. तिसऱ्या खंडाला तळाशी वाळवी लागली आहे. तो उन्हात वाळवून वरच्या फळीवर ठेवला आणि वहीचं काम त्याच्यापासूनच सुरू केलं. आतापर्यंत बावीस पानं झाली.