पेशीची भिंत

निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला कांदा आणि द्राक्ष ओळखीचे करून द्यावे लागत नाहीत. मला या दोन पिकांनी पेशीचीही ओळख करून दिली.

शाळेत कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा आम्ही चिमट्याने सोलायचो. काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात तो पसरायचा, आयोडीन घालायचं आणि वरची पातळ काच एका कडेने हळूच टेकवायची, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून लांबट पेशी वीटकामासारख्या सांध्याला सांधा लावून बसलेल्या दिसत. प्रत्येकीला स्वच्छ रेखीव भिंत. केंद्रक मात्र कडेला रेटलेलं, कारण मधली बहुतेक जागा पाणी साठवणाऱ्या रिक्तिकेने व्यापलेली. हरितलवक एकही नाही. मातीतल्या अंधारात वाढणाऱ्या त्या पाकळीला त्याचा उपयोगही नाही. त्याच कांद्याच्या पातीत मात्र हरितलवक खच्चून भरलेले असतात. भिंत, रिक्तिका, हरितलवक ही वनस्पतीची खूण, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं.

नाशिकला कॉलेजात आल्यावर साचलेल्या पाण्याचा एक थेंब भिंगाखाली ठेवला आणि ती खूण अपुरी वाटू लागली. युग्लीना हिरवीगार, अंगात हरितलवक, पण भोवती भिंत नाही. अंग आखडत, ताणत, एका कशाभिकेच्या जोरावर ती उजेडाकडे निघालेली. शेजारी पॅरामेशियम जीवाणू गिळत फिरतंय. डायटमचं कवच तर सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, आणि त्यावर इतकी बारीक नक्षी की नजर हलेना. वनस्पती आणि प्राणी या दोन घरांत न मावणाऱ्या अशा जीवांसाठी जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलने 1866 मध्ये ‘प्रोटिस्टा’, म्हणजे आदिजीव, हे तिसरं घर मांडलं. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर कळलं, की या घरातले सगळे एका कुळातले नाहीतच. कुणी वनस्पतींच्या जवळचे, कुणी प्राण्यांच्या, तर कित्येकांची वंशावळ अगदी स्वतंत्र.

त्यांच्यातला एक आमच्या द्राक्षबागेत आधीपासूनच होता. फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघते आणि परतीचा पाऊस लांबला की शेतकऱ्याची झोप उडते. पानावर तेलकट पिवळे डाग पडतात. सकाळी पान उलटलं की डागाखाली पांढरी लव दिसते. डाऊनी! घड फुलोऱ्यात असताना ती शिरली, तर अख्खा घड सुकून जातो. 2019 च्या ऑक्टोबरात पाऊस हटेना, तेव्हा जिल्ह्यातल्या बागा अशाच डोळ्यांदेखत गेल्या.

डाऊनीला आपण सर्रास बुरशी म्हणतो, पण प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला ही खरी बुरशी नाही. बुरशीची पेशीभित्तिका मुख्यतः कायटिनच्या आधारावर उभी असते. हिच्या भिंतीत सेल्युलोज आहे, कांद्याच्या पापुद्र्यात असतं तेच. नात्याने ती डायटम आणि समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या कुळातली. ओल्या पानावर तिच्या बीजाणुधानी फुटतात, त्यांतले बीजाणू दोन कशाभिकांनी पोहत पर्णरंध्र गाठतात आणि तिथून आत शिरतात. म्हणून तिला पानावर पाणी हवंच; द्राक्षावरच्या भुरीचं तसं नाही, ती खरी बुरशी, कोरड्या हवेतही फोफावते. औषधांचा हिशेबही इथेच ठरतो. मॅन्डीप्रोपॅमिड डाऊनीची सेल्युलोजची भिंत बांधू देत नाही, म्हणून ते डाऊनीवर चालतं, भुरीवर नाही. फ्रान्सच्या मेडॉकमध्ये चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्याच वेली डाऊनीतून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने 1882 मध्ये हेरलं आणि 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. आजही आमच्याकडे मोरचूद भिजतो, चुना विरतो.

पेशीची भिंत कशाची, हा प्रश्न मी परीक्षेपुरता शिकले होते. बागेत तो वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. शत्रू नेमका कोण, कसा हलतो, कशाने बांधलेला आहे, हे जाणणारा शेतकरी फवारणीची वेळ चुकवत नाही आणि नको ते औषधही मारत नाही. म्हणून मला मनापासून वाटतं, निफाड-दिंडोरीच्या शाळांत कांद्याच्या पापुद्र्याच्या जोडीला डाऊनी लागलेलं पानही भिंगाखाली यावं. पाठ्यपुस्तकातला आदिजीव आपल्याच बांधावर राहतो, हे त्या मुलांना बागेची जबाबदारी अंगावर पडण्याआधी कळायला हवं.