पारा झटकताना

ताप म्हटलं की मला आधी ऐकू येतात त्या बांगड्या. डोळे मिटलेले, पापण्यांच्या आत तांबूस काहीतरी हेलकावत असलेलं, गादी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते हेच कळेनासं झालेलं, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, उशाशी, काचेच्या बांगड्यांचा तो आवाज. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. तीन झटके. मग खिडकीच्या उजेडाकडे वळून आईने नळी तिरपी धरल्याची शांतता, आणि पारा पुरेसा खाली गेला नसेल तर चौथा.

थर्मामीटर तसा सगळ्यात शेवटी यायचा. त्याआधी आईचा हात. भांडी घासता घासता उठून आली असली तर ती पदराला हात पुसायची, तो क्षणभर स्वतःच्या मानेवर ठेवायची आणि मगच उलट्या पंजाने माझं कपाळ बघायची. ते मानेवर हात ठेवणं मला कित्येक वर्षं निव्वळ तिची लकब वाटायची. पुढे शाळेत तीन भांड्यांचा प्रयोग झाला. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग दोन्ही कोमटात. आणि तेच पाणी एका हाताला थंड, दुसऱ्याला ऊन लागलं, तेव्हा भर वर्गात मला आईची मान आठवली. ओल्या गार हाताला सगळं जगच तापलेलं लागतं. हाताला कळतो तो उष्णतेचा ओघ, इकडून तिकडे किती आणि किती घाईने चाललाय तो. म्हणून ती आधी हात आपल्या अंगाइतका करून घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं असेल?

तिच्या मापाला तीनच रेघा होत्या. कसर, कणकण, आणि पोरगी फणफणलीय. कसर असली की शाळा, कणकण असली की मऊ भात, आणि फणफणले की कपाटातली ती नळी.

काचेला हाताची घाई नसते. ती जिभेखाली पडून राहते, माझी ऊब थोडी थोडी पिते, आणि माझ्याइतकी झाली की थांबते. ती दाखवते तो आकडा खरं म्हणजे तिचा स्वतःचा असतो. १८६७ च्या सुमारास क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने तो थर्मामीटर जेमतेम सहा इंचांचा केला आणि पाच मिनिटांवर आणला. त्याआधीचा फूटभर लांब असे आणि वीस मिनिटं घेई. वीस मिनिटं! मला त्या आजाऱ्यांचा थोडा हेवाच वाटतो. तेवढा वेळ कुणीतरी उशाशी बसून राहत असणार.

पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर काचेला एक बारीक कंठ असतो. पारा फुगताना तिथून रेटून वर चढतो, आटताना मात्र त्या कंठाशी त्याचा धागा तुटतो आणि वरचा वरच राहतो. त्याला आपणहून उतरता येत नाही. कुणीतरी मनगट झटकावं लागतं.

आणि आमचं घर अकोल्याला, टिनाच्या छपराचं. मे महिन्यात दाराची कडी, स्टीलचा पेला, उशीची खोळ, हात लावू ते माणसापेक्षा गरम. इतर गावांत म्हणे भिंतीला गाल टेकला की गार वाटतं. आमच्या भिंती न मागता ऊब द्यायच्या. रात्री अंगणात बाज टाकून पडलं, तरी घराचं टिन दिवसभराचं साठवलेलं ऊन मुकाट्याने सोडत राही. अशा दिवसांत कपाटातला थर्मामीटर कुणाच्याही तोंडात न जाता १०६ दाखवत बसलेला असे. आईने कितीही झटके दिले तरी पारा उतरेना. मग ती वाटीत माठातलं पाणी घ्यायची, नळीचं टोक त्यात बुडवून धरायची, आणि मग झटकायची. ताप बघून झाला की आकडाही लगेच वाचावा लागे, नाहीतर खोलीचा ताप माझ्या तापावर चढायचा.

माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन उडून जातं, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत घेऊन जातं. कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या घड्याही त्याच वाटेने ताप उतरवत. त्यात मिठाचं काही काम नसावं असं मला आता वाटतं, पण आईसमोर हे बोलायची माझी कधी छाती झाली नाही.

गेल्या दिवाळीआधी तिला ताप आला. या वेळी झटके माझे होते. माझ्या मनगटात घड्याळ, त्यामुळे आवाज झालाच नाही. १०१. "कसरच आहे गं," ती म्हणाली. त्या गडबडीत नळी न झटकताच डबीत गेली, डबी कपाटात गेली. महिन्याभरात आई गेली आणि घराला कुलूप लागलं.

नंतर कितीतरी रात्री मला त्या डबीचा आधार वाटायचा. तिच्या अंगाची ऊब, केसाएवढ्या धाग्यात का होईना, तिकडे कपाटात थांबलेली आहे. आपणहून ती उतरणार नाही.

मे संपता संपता कुलूप काढलं. दार उघडल्यावर अंगावर आलेली ती झळ, कपाटाच्या मुठीचा चटका, आणि डबी. पारा १०८ वर होता. त्यापुढे नळीवर आकडेच नव्हते. बंद घरातला अख्खा वैशाख तीत चढून बसला होता आणि तिचे १०१ त्याच्याखाली कुठेतरी राहिले होते.

मी तीन झटके दिले. पारा हलला नाही. वाटी घेऊन माठाकडे गेले. माठ रिकामा होता, कोरडा, आणि हाताला गरम.