टीव्हीमागचा दिवा आणि आईची डोकेदुखी

पावसाळ्यात कामशेतला दुपारी चार वाजताच घरात दिवे लावावे लागतात. तरी आमच्याकडे टीव्ही सुरू झाला की हॉलची ट्यूब बंद होते, कारण तिचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं. मग मालिका संपेपर्यंत आईचं कपाळ दुखायला लागतं. दवाखान्यातही ही तक्रार नेहमीची आहे. म्हणून यंदा टीव्हीच्या पाठीमागे एलईडीची पट्टी लावली.

यामागचं कारण सोपं आहे. उन्हातून बेडसे लेण्यात शिरलात की आधी आतलं काहीच धड दिसत नाही. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. अंधाऱ्या खोलीत टीव्ही पाहताना डोळ्याची अशीच ओढाताण होते: समोर झगझगीत पडदा, भोवती काळोख, आणि दर दृश्याला बदलणारा उजेड. साठीनंतर डोळ्याचं भिंग थोडं धूसर होतं, प्रकाश विखुरतो आणि पडदा जास्तच डोळ्यांवर येतो. मागची भिंत मंद उजळली की हा फरक कमी होतो. दिवा पडद्याच्या मागे असल्यामुळे प्रतिबिंबही पडत नाही. अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे कायमचे अधू होतात, हे मात्र खरं नाही. ते थकतात, इतकंच.

पट्टी भिंतीवर चिकटवू नका. मावळातल्या पावसात भिंतीला ओल येते आणि चार दिवसांत ती गळून पडते. आम्ही टीव्हीची पाठ स्पिरिटच्या बोळ्याने पुसली (डॉक्टरच्या घरात त्याची काय कमी!) आणि कडेपासून चार बोटं आत पट्टी लावली. 43 इंची टीव्हीला साधारण तीन मीटर पुरते. टीव्हीच्या यूएसबीवर चालवायची असेल तर विकत घेताना अँपिअर वाचा. बऱ्याच टीव्हींचं यूएसबी अर्धा अँपिअरच देतं. जास्त लागत असेल तर वेगळा अडॅप्टर घ्या. उजेड पांढरा हवा, पाकिटावर 6500 केल्विन लिहिलेलं असतं, आणि इतका मंद की त्याकडे लक्षही जाऊ नये.

भाच्याला रंग बदलणारी, गाण्यावर नाचणारी पट्टी हवी होती. मी नको म्हटलं. भिंतच चमकायला लागली तर डोळ्याला विसावा कसला? शिवाय फिट येणाऱ्यांपैकी शंभरात साधारण तिघांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर हे रंगीत प्रकार आणूच नका.

पट्टी लावल्यावर आईचं दुखणं बरंच कमी झालं. सगळे खूश. एके रात्री ती सहज म्हणाली, "मागे डोकं दुखायचं ना, तेव्हा देवघरातल्या बल्बभोवती रंगीत कडं दिसायचं गं बाई." हे वाक्य मला आवडलं नाही. आईला प्लस नंबरचा चष्मा आहे. अशा डोळ्यांत पुढची जागा मुळातच अरुंद असते, आणि वयानुसार भिंग जाड होतं तशी ती आणखी आवळते. अंधारात बाहुली मोठी झाली की डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याचा कोन बंद होऊ शकतो. दाब वाढतो, डोकं दुखतं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. झोपलं की बाहुली लहान होते आणि त्रास थांबतो. उजेडातही तसंच. म्हणजे टीव्हीमागच्या दिव्याने बरं वाटलं, तरी आतला काचबिंदू तसाच राहू शकतो.

असा कोन एकदा पूर्ण बंद झाला तर डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिसायचं कमी होतं आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे पित्त समजतात, अर्धशिशी समजतात, आणि आल्याचा रस देत बसतात. हे करू नका. त्याच रात्री डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायला हवं. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

आईची तपासणी करून घेतली. नुसता नंबर काढून हे कळत नाही. दाब मोजावा लागतो, आणि कोन पाहायला गोनिओस्कोपी करतात, थेंब टाकून डोळ्याला छोटी काच टेकवून. दोन्ही डोळ्यांचे कोन अरुंद निघाले. लेझरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडलं, काही मिनिटांचं काम. ॲडमिट व्हावं लागलं नाही.

पट्टी अजून आहे. संध्याकाळी आईच ती लावते.

हा त्रास सख्ख्या नात्यात जास्त आढळतो. मावशी वडगावला राहते आणि तिचाही चष्मा प्लसचाच आहे. "मला काही होत नाही," म्हणते. पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे.