आईने उपटलं ते नक्की काय?

कोकणातलं आजीचं घर २०२३ च्या मे महिन्यात विकलं गेलं. सह्या झाल्या, चहा झाला, आम्ही गाडीत बसणार एवढ्यात आई ‘आलेच’ म्हणत मागच्या परसात पळाली. परत आली ती मुळासकट उपटलेलं वीतभर रोप घेऊन. पाण्याची बाटली कापून त्यात ते खोचलं आणि पुण्यापर्यंत मांडीवर धरून बसली. ‘अनंत आहे,’ एवढंच म्हणाली.

आता गंमत अशी की, आजीच्या परसात पांढऱ्या फुलांची दोन झाडं होती. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अनंत आणि विहिरीपाशी डबल तगर. तगर देवाला, अनंत आजीच्या अंबाड्याला. फूल नसेल तर दोघांचं रूप बऱ्यापैकी सारखं. समोरासमोर येणारी हिरवीगार, तुकतुकीत पानं. त्यात आई घाईत होती आणि रडत होती. तिने नक्की काय उपटलं, हे विचारायची माझी तरी टाप नव्हती.

रोप माझ्या बाल्कनीत आलं, कारण आईच्या फ्लॅटला ऊन नाही. नर्सरीतून काळी माती आणली, शेणखत घातलं, बोअरचं पाणी सुरू केलं. दिवाळीपर्यंत नवी पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. जाळीच्या डिझाइनसारख्या. फोटोला छान, बाकी सगळं वाईट.

सोसायटीचे माळीमामा म्हणाले, ‘तगर आहे ताई, मरत नसते ती.’ मोबाइलच्या अ‍ॅपने पहिल्या फोटोला गार्डेनिया म्हणजे अनंत सांगितलं, दुसऱ्याला चक्क कॉफी! मी खूप हसले. नंतर कळलं की अनंत आणि कॉफी एकाच कुळातले आहेत. म्हणजे फोन अगदीच ढ नव्हता. (आणि गार्डेनिया हे नाव ‘गार्डन’वरून नाही, अलेक्झांडर गार्डन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरवरून पडलंय. पार्टीत सांगायला बरं.)

खरी टेस्ट फुकट होती. पान मोडायचं. तगरीला पांढरा चीक येतो, अनंताला नाही. एवढं सोपं, पण मी दोन दिवस टाळलं. चीक आला तर आईला काय सांगायचं? शेवटी एका रात्री, एक लेख अर्धा सोडून, बाल्कनीत टॉर्च घेऊन गेले आणि पान मोडलं.

कोरडं. चीक नाही. पुन्हा एक मोडलं. नाही.

आनंद अर्धा मिनिट टिकला. कारण तगर असती तर तिने काळ्या मातीशी जमवून घेतलं असतं. अनंताचं तसं नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते, साधारण पाच ते सहा पीएचची. कोकणातली जांभ्याची लाल माती तशीच असते. आमच्याकडची काळी माती बेसॉल्टची, चुनखडी असलेली, पीएच बहुतेकदा साडेसातच्या वर. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. म्हणून नव्या पानांची ती जाळी. मी बिचाऱ्याला शेणखत घालत होते आणि ते भरल्या ताटासमोर उपाशी बसलं होतं.

खात्रीसाठी वाटीत चमचाभर सुकी माती घेतली आणि नूडल्ससाठी आणलेलं व्हिनेगर ओतलं. फसफसलं! म्हणजे चुना आहेच. आमचं बोअरचं पाणीही जड, गीझरची कॉइल बघितली की कळतं.

चिपळूणच्या आत्याला फोन केला. ‘माती? पुण्यात माती मिळत नाही?’ ती हसली, पण चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लाल मातीचं पोतं आलं. त्याचं भाडं मातीपेक्षा जास्त, अर्थात. फेब्रुवारीत कुंडी बदलली. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, थोडं कोकोपीट. सोबत चिलेटेड आयर्न. दुकानदाराने आधी ‘ईडीटीए’वालं दिलं होतं, पण चुनखडीच्या मातीत टिकतं ते ‘ईडीडीएचए’वालं. मुळांना जुनी माती थोडीफार चिकटलेली होतीच, म्हणून ते बदलून आणलं. बोअरचं पाणी बंद. पावसाळ्यात कुंडी सरळ रेलिंगबाहेरच्या जाळीवर.

जुनी पानं गळली. नवी पालवी आली ती गर्द हिरवी.

मागच्या आठवड्यात टोकाला एक हिरवट, पीळ दिल्यासारखी कळी दिसलीय. अनंत लहरी, कळ्या गाळण्यात पटाईत. म्हणून आईला अजून काही बोललेले नाही. ती रविवारी जेवायला येतेय. मी तिची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी ठेवणार आहे.