शिवणींतली माया

मुलुंडच्या बाजारांत तयार कुडतीं हवीं तेवढीं लोंबत असतां आमच्या नातीनें गेल्या पावसाळ्यांत घरचें शिवणयंत्र उघडलें. कागदी नमुन्यावरून तिला सैलसें कुडतें बेतावयाचें होतें. असे मापवार नमुने अमेरिकेंत बटरिक नांवाच्या शिंप्यानें १८६३ त काढले. आमच्याकडे जुन्या वर्तमानपत्रावर भागलें. येथवर आमची हरकत नव्हती. परंतु कापड म्हणून तिनें मागितलें तें आमच्या कैलासवासी कुटुंबाचें सुती पातळ!

त्यास कात्री लागावी हें आम्हांस सोसेना. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत राका देवता न तुटणाऱ्या सुईनें शिवते खरी, पण त्या ऋचेंत कात्री नाहीं, असें आम्हीं बजावलें. सूनबाई हसल्या.

"आजोबा, विरलेला भाग सोडून बेततें, आणि कडेला दोन बोटें माया ठेवतें," नात म्हणाली.

माया! हा शब्द आम्हीं जन्मभर शांकरभाष्यासाठींच राखलेला. पुढें उसवून वाढवितां यावें म्हणून शिवणींत दुमडलेल्या जादा कापडासही तो लावतात, हें साठी उलटल्यावर कळलें.

आम्हीं पातळ दिलें. एक बाही उलटी लागली. उसवून पुन्हां लावली. काठ गळ्याशीं आला आहे. पदर मात्र आम्हीं दिला नाहीं. तो पेटींत आहे.