अनंतस्पर्शी

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी विभागात लिहावं म्हणजे जरा अतीच झालं! पण एका मराठी शब्दाचं माझ्यावर ऋण आहे, म्हणून हा खटाटोप.

मॅथ्सचा बॅक लागला, तेव्हा घरी सांगायची हिंमतच झाली नाही. खरं तर 'असिम्प्टोट' मला तोंडपाठ होते. छेद शून्य केला की उभी रेषा, घात बघितले की आडवी. मग चुकलं कुठे?

माझी रूममेट आर्वीकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ लिहायची तिची सवय. फर्स्ट इयरला मी त्यावर हसले होते. मे महिन्यातल्या एका रात्री लाईट गेली, कूलर बंद. उकाड्याने झोप नव्हतीच. मोबाईलच्या उजेडात मी तिच्यापुढे वही सरकवली.

(२क्ष² − ३क्ष + १) ÷ (क्ष² − १)

"क्ष = १ आणि क्ष = −१. दोन उभ्या रेषा," मी ऐटीत म्हणाले.

"घाई कामून करून राहिली वं? पहिले अवयव तर पाड!"

पाडले. वर (२क्ष − १)(क्ष − १), खाली (क्ष + १)(क्ष − १). सारखं ते कटलं, उरलं (२क्ष − १) ÷ (क्ष + १). म्हणजे क्ष = १ ला आलेखात नुसतं भोक, रेषा नाहीच! उभी रेषा एकच, क्ष = −१. वरखाली घात सारखे, म्हणून सहगुणकांचा भागाकार: आडवी रेषा य = २.

तिच्या वहीत 'असिम्प्टोट'पुढे लिहिलं होतं, 'अनंतस्पर्शी'. अनंताला जाऊन स्पर्श करणारी! मी क्ष ला १०, १००, १००० घालून पाहिलं. उत्तरं आली १.७३, १.९७, १.९९७. दोन काही येईना, पण दर वेळी अंतर कमी. पाठ केलेला नियम त्या रात्री पहिल्यांदा दिसला.

सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यातलं. १९३६ साली तिथे राहायला आलेल्या गांधीजींनी जुलै १९४६ च्या 'हरिजन'मध्ये स्वराज्याचं चित्र मांडताना युक्लिडच्या बिंदूचा दाखला दिला होता. तो बिंदू कुणालाच काढता येत नाही, तरी त्याचं मोल कमी होत नाही. पूर्ण हाती न येणाऱ्या गोष्टीकडेही चालत राहायचं असतं, हे मला य = २ ने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी घरी फोन करून बॅकचं सांगून टाकलं. रूममेटला सॉरीही म्हटलं. माझं मराठी मात्र अजून १.७३ वरच आहे. ती म्हणते, "मंग क्ष वाढव ना!"